गिल्बर्ट व्हाइट पुरस्कारासाठी प्रबंध पाठवताना: परीक्षक नेमकं काय शोधतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात भूगोलात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनीचा प्रबंध पूर्ण होत आला आहे. विषय नदीकाठच्या वस्तीतला पूर. निम्मा प्रबंध जीआयएसवर, म्हणजे संगणकावर भौगोलिक माहिती आणि नकाशे हाताळण्याच्या तंत्रावर, उभा आहे: सामाजिक असुरक्षिततेचा निर्देशांक आणि त्याचे नकाशे. उरलेल्या निम्म्यात रहिवाशांच्या मुलाखती आहेत. वारंवार बुडालेली घरं सरकारने विकत घ्यायची आणि लोकांनी दुसरीकडे जायचं, ही जी ‘बायआउट’ योजना असते तिच्याबद्दलच्या. मार्गदर्शकांनी सांगितलं, ‘गिल्बर्ट व्हाइट पुरस्कारासाठी पाठव.’ तिला विचारायचं आहे की हा पुरस्कार कशासाठी देतात, परीक्षक काय पाहतात आणि या दोन भागांतला कोणता पुढे करावा.

आधी नावाचा घोळ निस्तरू. नुसतं ‘व्हाइट पुरस्कार’ म्हटलं तर निदान चार गोष्टी समोर येतात. अमेरिकन असोसिएशन ऑफ जिऑग्राफर्स, म्हणजे एएजी, ही १९०४ साली स्थापन झालेली संघटना. तिच्यात विषयवार गट आहेत, आणि त्यांपैकी हॅझर्ड्स, रिस्क्स अँड डिझास्टर्स (धोके, जोखमी आणि आपत्ती) हा गट विद्यार्थ्यांच्या प्रबंधासाठी व्हाइट यांच्या नावाने पुरस्कार देतो. तुमच्या मार्गदर्शकांच्या मनात हाच असणार. एएजीचाच व्हाइट यांच्या नावाचा दुसरा सन्मान सार्वजनिक सेवेसाठी आहे, त्याचा विद्यार्थ्यांशी संबंध नाही. अमेरिकन जिओफिजिकल युनियनचा व्हाइट पुरस्कार ज्येष्ठ संशोधकांना मिळतो आणि त्यासोबत व्याख्यान असतं. पूरमैदान म्हणजे पुराचं पाणी पसरतं ती नदीकाठची जमीन; तिच्या व्यवस्थापकांच्या संघटनेचा गोडार्ड-व्हाइट पुरस्कार प्रत्यक्ष व्यवस्थापनात काम केलेल्यांसाठी आहे. युरोपियन जिओसायन्सेस युनियनच्या प्लिनियस आणि सेर्गेई सोलोव्हिएव्ह पदकांबद्दलही तुम्ही ऐकलं असेल. ती पुढच्या टप्प्यावरच्या लोकांची, सध्या डोक्यातून काढून टाका. एक मात्र लक्षात ठेवा: एएजीच्या त्याच हॅझर्ड्स गटाचा जीन एक्स. कॅस्परसन यांच्या नावाचा पुरस्कार विद्यार्थ्यांच्या पेपरसाठी आहे. त्याच्याकडे मी शेवटी येणार आहे.

पात्रता, मुदत, पानांची मर्यादा या गोष्टी गट वर्षागणिक बदलू शकतो. त्या वर्षीचं आवाहन स्वतः वाचा, मागच्या वर्षीच्या विजेत्याकडून ऐकलेल्यावर विसंबू नका.

आता मूळ प्रश्न. परीक्षक काय शोधतात हे कळायचं असेल तर पुरस्कार व्हाइट यांच्याच नावाने का आहे, हे आधी पाहिलं पाहिजे. अर्जदारांपैकी बरेच जण प्रस्तावनेत व्हाइट यांचा एक संदर्भ टाकतात आणि पुढे सबंध प्रबंधात त्यांच्या विचाराशी काही देणंघेणं ठेवत नाहीत. समितीवर बसलेल्याला हे पाचव्या पानापर्यंत कळतं.

भूगोलतज्ज्ञ गिल्बर्ट फाउलर व्हाइट १९११ साली शिकागोत जन्मले. शिकागो विद्यापीठात हार्लन बॅरोज त्यांचे शिक्षक होते. भूगोल म्हणजे माणसाने परिसराशी जुळवून घेण्याचा अभ्यास, अशी मांडणी बॅरोज यांनी १९२०च्या दशकातच केली होती. १९३४मध्ये व्हाइट वॉशिंग्टनला गेले आणि रूझवेल्ट सरकारच्या नदीखोरे-नियोजनाच्या कामात शिरले. पुढे १९३६चा पूरनियंत्रण कायदा आला. पूर अडवणं ही केंद्र सरकारची जबाबदारी ठरली आणि धरणं व पूररोधक बांध बांधण्याची मोठी लाट सुरू झाली. तरुण व्हाइट हे सगळं आतून पाहत होते, आणि त्यांना जे खटकलं त्यावर त्यांनी १९४२ साली प्रबंध सादर केला. तो १९४५मध्ये छापला गेला.

त्यातलं एक वाक्य या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे: पूर ही देवाची करणी, पण पुराने होणारं नुकसान ही बहुतांशी माणसाची करणी. वाक्य गाजलं, पण प्रबंधाचं खरं काम त्या वाक्यात नाही. व्हाइट यांनी पुराला तोंड देण्याचे जेवढे म्हणून मार्ग माणसाकडे असू शकतात ते सगळे एका पातळीवर आणून ठेवले. जमीन उंच करणं, पाणलोटातच पाणी मुरवणं, बांध घालणं, ऐनवेळी माणसं आणि सामान हलवणं, इमारतीची रचना बदलणं, जमिनीचा वापर बदलणं, सरकारी मदत, विमा. मग त्यांचा प्रश्न असा की एवढे मार्ग असताना धोरण बांध आणि मदत या दोघांपाशीच का घुटमळतं? बाकीच्यांचा हिशेबही कोणी का मांडत नाही?

१९५८ साली व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी शहरांच्या पूरमैदानांत वस्ती कशी बदलली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पूरनियंत्रणावर प्रचंड खर्च होऊनही नुकसान घटत नव्हतं, कारण बांध झाला की त्याच्या मागे लोक निर्धास्तपणे घरं आणि दुकानं बांधत होते. लहान पूर थांबले, पण बांध ओलांडणारा एखादा मोठा पूर आला की बुडण्यासारखं आधीपेक्षा कितीतरी जास्त तयार झालेलं असायचं. यालाच पुढे ‘लेव्ही इफेक्ट’, म्हणजे बांधाचा परिणाम, म्हणू लागले. १९६६मध्ये व्हाइट यांच्या अध्यक्षतेखालच्या केंद्रीय कृतिगटाने अहवाल दिला, १९६८मध्ये राष्ट्रीय पूरविमा कायदा झाला. विमा चुकीच्या पद्धतीने राबवला तर तो पुराचं नुकसान आणखी वाढवेल, असा इशारा त्याच अहवालात होता. आज अमेरिकेत त्या विमा योजनेवर होणाऱ्या टीकेचा मोठा भाग त्या इशाऱ्यातच सापडतो.

म्हणजे या पुरस्काराच्या मुळाशी एक ठरावीक प्रश्न आहे: माणसांपुढे कोणते पर्याय होते, त्यांना कोणते दिसले, त्यांनी कोणता निवडला आणि का? तुमचा प्रबंध या प्रश्नाला भिडतो की नुसता धोक्याचं वर्णन करतो, पहिली चाळणी तिथेच लागते. अमुक खोऱ्यात पाणी किती चढेल याचं उत्तम प्रारूप बांधलेलं काम जलशास्त्राच्या पुरस्काराला लायक असेल. इथे ते मागे पडतं, आणि ते योग्यच आहे असं माझं मत आहे.

विद्यार्थ्याच्या प्रबंधाचा आदर्श कोणता, असं विचारलंत तर मी ईव्ह ग्रंटफेस्ट यांचं नाव घेईन. ३१ जुलै १९७६च्या संध्याकाळी कोलोरॅडोतल्या बिग थॉम्पसन दरीच्या वरच्या भागावर वादळ जागच्या जागी थांबलं आणि काही तासांत सुमारे १२ इंच पाऊस कोसळला. राज्याच्या शताब्दीची सुट्टी होती, दरी पर्यटकांनी भरलेली होती. १४०हून अधिक माणसं गेली. ग्रंटफेस्ट तेव्हा बोल्डरच्या कोलोरॅडो विद्यापीठात व्हाइट यांच्याकडे शिकत होत्या. त्यांनी पाऊस मोजला नाही, प्रवाहही मोजला नाही. त्या रात्री दरीतल्या माणसांनी काय केलं, एवढंच विचारलं. कोण गाडीत बसून दरीतून खाली निघालं, कोण घरातच थांबलं, कोण कडा चढून वर गेलं. उत्तर स्वच्छ होतं: वर चढले त्यांचा जीव वाचण्याची शक्यता जास्त, गाडीने पुराच्या पुढे पळू पाहणाऱ्यांचे हाल वाईट. आज कोलोरॅडोच्या दऱ्यांमधल्या रस्त्यांवर ‘पूर आल्यास उंचावर चढा’ अशा अर्थाच्या पाट्या दिसतात, त्यांच्यामागे हा अभ्यास आहे.

या कामात प्रश्न एका वाक्यात सांगता येतो. तो अशा क्षणाबद्दल आहे जिथे माणसापुढे खरोखर निवड होती. विदा (डेटा) थेट त्या निवडीची आहे, तिच्या जागी वापरलेल्या कुठल्या दूरच्या आकड्याची नाही. आणि उत्तर कोणाला तरी वापरता येतं. रस्ते खात्यातला माणूस ते वाचून पाटी लावू शकतो. एवढं जमलं की सांख्यिकी साधी असली तरी चालते.

पण फक्त व्हाइट यांची पोथी पाठ करून गेलात तर समितीतले निम्मे लोक भुवया उंचावतील. १९७०च्या दशकापासून या परंपरेवर जोरदार हल्ला झाला आणि तो हॅझर्ड्सच्या अभ्यासकांमधूनच झाला. १९७६ साली ओकीफ, वेस्टगेट आणि विस्नर यांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं की नैसर्गिक आपत्तींमधलं ‘नैसर्गिक’पण काढून टाकायची वेळ आली आहे. १९८३मध्ये केनेथ ह्युइट यांनी संपादित केलेल्या ग्रंथात मुद्दा होता तो असा: आपत्तीला रोजच्या जगण्यापासून तोडलेला अपघात मानणं हीच मुळात चूक आहे. त्याच वर्षी मायकेल वॉट्स यांचं नायजेरियाच्या उत्तर भागातल्या दुष्काळ आणि उपासमारीवरचं काम आलं. शेतकऱ्यांकडे दुष्काळ पचवण्याच्या रीती होत्या, पण वसाहतीच्या काळातले कर आणि नगदी पिकांच्या बाजाराने त्या पोखरल्या, असं त्यांनी दाखवलं. १९९४मध्ये ब्लेकी, कॅनन, डेव्हिस आणि विस्नर यांनी यातूनच ‘प्रेशर अँड रिलीज’ प्रारूप मांडलं. एका बाजूने मूळ सामाजिक कारणांचा दाब, दुसऱ्या बाजूने धोका, आणि मध्ये चेंगरलेली माणसं.

या टीकेचा गाभा एका प्रश्नात सांगता येतो. पर्याय ‘निवडले’ म्हणता, पण ते पर्याय समोर ठेवले कोणी? पूरमैदानात राहणारा भाडेकरू तिथे राहणं निवडतो, म्हणजे नेमकं काय करतो?

व्हाइट यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. त्यांचे विद्यार्थी रॉबर्ट केट्स यांनी १९६२मध्ये टेनेसीतल्या लाफॉलेट गावात पूरमैदानावरच्या लोकांना विचारून दाखवलं की माणूस आपल्या अनुभवाच्या कैदेत असतो. जेवढा पूर पाहिला तेवढाच त्याला शक्य वाटतो. ही गोष्ट टीकाकारांच्या राजकीय अर्थशास्त्राने खोटी ठरत नाही. श्रीमंत आणि गरीब दोघेही तसेच वागतात, फक्त त्या चुकीसाठी दोघे वेगवेगळी किंमत मोजतात. माझ्या पाहण्यातले सगळ्यात चांगले प्रबंध या दोन परंपरांना एकमेकींशी भांडू देतात. एकीला प्रस्तावनेत नमस्कार आणि दुसरीला निष्कर्षात, असा शिष्टाचार समितीला लगेच ओळखू येतो.

आता तुमच्या कामाकडे. नकाशांबद्दल आधी बोलतो, कारण तिथे सांगायला जास्त आहे आणि त्यातलं काही तुम्हाला आवडणार नाही.

सामाजिक असुरक्षिततेचा निर्देशांक म्हटलं की सुझन कटर यांचं नाव येतं. साउथ कॅरोलायना विद्यापीठात त्यांनी बोरफ आणि शर्ली यांच्यासोबत २००३ साली ‘सोव्ही’ हा असा निर्देशांक प्रसिद्ध केला. १९९०च्या माहितीवरून अमेरिकेतल्या सगळ्या काउंट्यांसाठी, म्हणजे जिल्ह्यांसारख्या विभागांसाठी, ४२ चलं घेतली आणि त्यांतून ११ घटक काढले. तेव्हा ते मोठं पाऊल होतं. पुरापुढे कोण किती उघडं आहे, एवढ्यावर न थांबता कोणाला सावरायला किती जड जाईल, हे पहिल्यांदाच देशभर तुलना करता येईल अशा रीतीने दिसलं. त्यानंतर मात्र दुसऱ्या गावासाठी, दुसऱ्या वर्षासाठी तोच निर्देशांक पुन्हा काढलेले प्रबंध रांगेने येऊ लागले. तंत्र सोपं झालं, जनगणनेची माहिती फुकट आहे, नकाशा देखणा निघतो. लाल म्हणजे असुरक्षित, निळा म्हणजे सुरक्षित. वाचणारा विचारतो, बरं, पुढे?

तुमचा निर्देशांक त्या रांगेतून बाहेर काढायचा असेल तर तीन ठिकाणी घाम गाळावा लागेल. पहिलं, एककाचा प्रश्न. सेन्सस ट्रॅक्टवर, म्हणजे जनगणनेसाठी आखलेल्या विभागावर, काढलेला नकाशा आणि त्याहून लहान ब्लॉक ग्रुपवर काढलेला नकाशा वेगळं चित्र दाखवू शकतात, कारण सीमा बदलल्या की सरासऱ्या बदलतात. भूगोलाच्या परीक्षकांना हे दुखणं जुनंच ठाऊक आहे. दोन्ही पातळ्यांवर काढून किती भाग रंग बदलतो ते सांगा. नदीकाठच्या ट्रॅक्टमध्ये निम्मा भाग टेकडीवर असतो, तेव्हा सगळी लोकसंख्या सारखी पसरली आहे असं धरणंही चुकीचं. घरं खरोखर जिथे आहेत तिथे लोकसंख्या वाटून घेतलीत तर बरं. दुसरं, अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे ही नमुना पाहणी आहे आणि लहान क्षेत्रांसाठी तिची त्रुटिमर्यादा फार मोठी असते. ती छापलेली असते, तरी बहुतेक अर्जदार ती वाचतच नाहीत. शेजारच्या दोन ब्लॉक ग्रुपमधला तुमचा फरक त्या मर्यादेच्या आतला असेल तर दोघांना वेगळे रंग देण्याचा हक्क तुम्हाला नाही.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, पडताळणी. तुमचा निर्देशांक ज्यांना असुरक्षित म्हणतो त्यांचंच प्रत्यक्षात जास्त नुकसान झालं का? त्यांनाच सावरायला वेळ लागला का? हे तपासायला काहीतरी बाहेरचं लागतं: विम्याचे दावे, मदतीचे अर्ज, पूर आल्यानंतर किती घरं रिकामी राहिली त्याची नोंद. फेमा, म्हणजे अमेरिकेची केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्था, आता विमा दाव्यांची माहिती ओळख पुसून खुली करते. पण विम्याचे दावे विमा असलेल्यांचेच असतात, आणि असुरक्षित माणसाकडे बहुधा विमा नसतो. हे एक वाक्य प्रबंधात असेल तर तुम्ही विचार केला आहे हे दिसतं. नसेल तर परीक्षक ते समासात लिहितोच.

आकड्यांची हीच गोष्ट सगळीकडे आहे. २०१७च्या मारिया चक्रीवादळात पोर्टो रिकोमध्ये अधिकृत मृत्यू कित्येक महिने ६४ होते. नंतर एका विद्यापीठाच्या अभ्यासातून २,९७५ जादा मृत्यूंचा अंदाज आला आणि २०१८मध्ये सरकारने तो आकडा स्वीकारला. वादळाने घर पडून मेलेला माणूस मोजला गेला होता. वीज महिनोन्‌महिने नसल्यामुळे उपचार थांबून मेलेला माणूस मोजलाच गेला नव्हता. टॉर्नेडोच्या जुन्या नोंदींतही तसंच, जिथे बघणारे लोक कमी तिथे टॉर्नेडो कमी ‘होतात’. आणि नुकसानीचा वाढता आलेख दाखवून थेट हवामानबदलावर बोट ठेवणाऱ्यांना वॉकर ॲश्ली आणि स्टीफन स्ट्रेडर यांचं काम दाखवावं. त्यांनी याला ‘एक्स्पांडिंग बुल्सआय इफेक्ट’ म्हटलं. शहरं पसरली की वादळांचं निशाणच मोठं होतं, वादळं वाढली नाहीत तरी बसणारे फटके वाढतात. हवामान बदलत नाही असा याचा अर्थ नाही. दोन कारणं वेगळी करून दाखवण्याची जबाबदारी तुमची, एवढाच.

पूररेषेबद्दलही एक शब्द, कारण तुमच्या नकाशांवर ती असणारच. दरवर्षी १ टक्का शक्यतेचा पूर जिथवर पोचतो ती रेषा फेमाच्या नकाशावर असते. लोक त्याला शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणतात आणि ऐकणारा निश्चिंत होतो. ३० वर्षांचं गृहकर्ज धरलं तर त्या काळात असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के निघते. शिवाय रेषेच्या एका बाजूला कर्जासोबत विमा सक्तीचा आणि दुसऱ्या बाजूला कसलीही सूचना नाही, म्हणजे नकाशावरची रेषा स्वतःच लोकांच्या निवडी घडवते. २०१७च्या हार्वे वादळात टेक्सासमध्ये एका ठिकाणी ६० इंचांहून जास्त पाऊस पडला आणि ह्यूस्टनच्या परिसरात बुडालेल्या घरांचा मोठा हिस्सा त्या रेषेबाहेर होता. ‘रेषेच्या आत असुरक्षित, बाहेर सुरक्षित’ हे गृहीतक तुमच्या निर्देशांकात कुठे लपलं असेल तर ते शोधून काढा.

मुलाखतींचा भाग मात्र सोनं आहे, आणि तुमच्या पत्रावरून वाटतं की तुम्ही त्याला पुरवणी समजता आहात.

बायआउटमध्ये निवडीचा प्रश्न जितका उघडा दिसतो तितका क्वचितच कुठे दिसतो. १९९३च्या मिडवेस्टच्या महापुरानंतर ही योजना मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. इलिनॉयमधलं वालमेयर गाव तर मिसिसिपीच्या काठावरून उचलून वरच्या कड्यावर नेऊन वसवलं. व्हाइट यांनी १९४२मध्ये ज्या मार्गाकडे कोणी बघत नाही म्हटलं होतं, जमिनीचा वापरच बदलायचा, तो मार्ग हाच. घर विकत घेतलं की ते पाडतात आणि ती जमीन कायमची मोकळी ठेवण्याची अट खरेदीखतात घातली जाते. कागदोपत्री योजना ऐच्छिक आहे.

पण घरमालक स्वतः फेमाकडे अर्ज करू शकत नाही. अर्ज स्थानिक सरकार करतं, राज्यामार्फत जातो, साधारणपणे ७५ टक्क्यांपर्यंत केंद्राचा वाटा, बाकीचं कुठून तरी उभं करायचं. ज्या गावाच्या कचेरीत अनुदानाचे अर्ज लिहिणारा माणूसच नाही तिथल्या घरमालकापुढे हा पर्याय येतच नाही. कचेरी आहे पण घरपट्टी बुडेल या भीतीने नगरप्रशासन टाळाटाळ करतं, तिथेही नाही. पर्याय आला तरी पैसे हातात पडेपर्यंत बराच काळ जातो. तोवर माणूस ओल्या भिंतींच्या घरात दुरुस्ती करून राहतो, आणि दुरुस्तीवर खर्च झाला की त्याचा जाण्याचा विचार बदलतो. भाडेकरूला तर घराची किंमत मिळत नाही, त्याला फार तर स्थलांतराची मदत.

तुमच्या मुलाखतींत हे सगळं असणार. व्हाइट यांचा प्रश्न, कोणते पर्याय दिसले आणि कोणता निवडला, आणि त्यांच्या टीकाकारांचा प्रश्न, पर्यायांची यादी कोणी ठरवली, दोन्ही एकाच माणसाच्या एकाच तासाच्या बोलण्यात सापडतील. प्रबंधाचा कणा इथे आहे. मग नकाशे कशासाठी? बायआउटचे प्रस्ताव कुठून आले आणि कुठून आलेच नाहीत हे दाखवण्यासाठी. ज्या ब्लॉक ग्रुपला तुमचा निर्देशांक सर्वांत असुरक्षित म्हणतो तिथून किती प्रस्ताव गेले? नकाशा आणि मुलाखत यांची गाठ तिथे पडते. तसं झालं तर नकाशाला काम मिळतं, आणि नाही झालं, म्हणजे प्रस्ताव सगळीकडून सारखेच गेले असतील, तर तेही लिहिण्यासारखं आहे.

मुलाखतींसोबत एक जबाबदारी येते. विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी हा तिचा सगळ्यात सोपा भाग. २०१९मध्ये जे. सी. गायार आणि लोरी पीक यांनी ‘नेचर’मध्ये आपत्तिग्रस्त भागातल्या संशोधनासाठी आचारसंहिता हवी असं लिहिलं. प्रत्येक मोठ्या आपत्तीनंतर बाहेरचे संशोधक धावत येतात, त्याच त्या माणसांना तेच ते प्रश्न विचारतात, आणि स्थानिक अभ्यासक बाजूला राहतात. पीक या बोल्डरच्या नॅचरल हॅझर्ड्स सेंटरच्या संचालक आहेत, म्हणजे १९७६मध्ये व्हाइट यांनीच स्थापन केलेल्या केंद्राच्या. त्यामुळे हा मुद्दा पुरस्काराच्या घरातलाच आहे. तुम्ही निष्कर्ष रहिवाशांना परत सांगितले का? कसे? एक परिच्छेद पुरे, पण तो खरा असू द्या. ‘निष्कर्ष समाजापर्यंत पोचवण्यात येतील’ असलं भविष्यकाळी वाक्य काही सांगत नाही.

आता अर्जाचं व्यावहारिक. परीक्षक स्वतःची नोकरी सांभाळून, संध्याकाळी, ढिगातून वाचतात. सुरुवातीच्या सारांशात पद्धतीची नावं कमी आणि उत्तर जास्त असू द्या. ‘या प्रबंधात अमुक तपासलं आहे’ असं लिहून थांबू नका, काय सापडलं तेही तिथेच सांगा. समितीत भूरूपशास्त्राचा माणूस असू शकतो आणि समाजशास्त्राकडे झुकलेलाही, म्हणून दोघांनाही न अडखळता वाचता येईल अशी भाषा ठेवा. नकाशे कृष्णधवल छापले तरी कळतील असे करा, कारण कोणीतरी ते तसेच छापून वाचणार आहे. शिफारसपत्रात मार्गदर्शकांनी तुमच्या कष्टांचं कौतुक करण्यापेक्षा हे काम क्षेत्रात कुठे बसतं ते दोन परिच्छेदांत सांगितलं तर उपयोग होतो. त्यांना तसं स्पष्टच सांगा, मार्गदर्शकांना त्याचं वाईट वाटत नाही.

पुरस्काराने काय होतं? पैशाने फारसं काही नाही. नोकरीच्या अर्जात एक ओळ येते जी हॅझर्ड्सचे लोक ओळखतात, आणि गटाच्या बैठकीत ज्यांचे लेख वाचलेत ती माणसं स्वतःहून बोलायला येतात. दुसरी गोष्ट माझ्या मते जास्त मोलाची. नाही मिळाला तर कामाचा दर्जा कमी होता असा अर्थ काढू नका. त्या वर्षी समितीत कोण होतं आणि बाकीचे अर्ज कशाचे होते यावर बरंच ठरतं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: व्हाइट पुरस्कारासाठी पूर्ण प्रबंध पाठवा, पण प्रकरणांचा क्रम उलटा. बायआउट आधी, निर्देशांक नंतर, आणि निर्देशांक काढण्याची सगळी यंत्रणा परिशिष्टात. कॅस्परसन पुरस्कारासाठी मुलाखतींचं प्रकरण वेगळा पेपर म्हणून तयार करा. जीन कॅस्परसन आणि त्यांचे पती रॉजर यांचं काम क्लार्क विद्यापीठातलं, जोखमीची बातमी समाजात कशी फुगते किंवा विरते यावरचं. तुमच्या रहिवाशांपैकी काहींनी शेजाऱ्याने घर विकल्यावर आपलं मत बदललं असं सांगितलं असेल, तर त्या पेपरची सुरुवात तिथून होऊ शकते. दोन्हीसाठी एकच मजकूर कापून चिकटवू नका, आणि एकच काम दोन्हीकडे चालतं का हे गटाच्या त्या वर्षीच्या पुरस्कार समितीला ईमेल करून आधी विचारून घ्या.